पटवेकऱ्याची कैफियत

सोनाराचे नाव दागिन्यावरच्या छापात राहते, सराफाचे पावतीवर राहते; परंतु ज्याने सुटे मणी रेशमात ओवून, पीळ देऊन, गाठवून गळ्यात घालण्याजोगे केले त्या पटवेकऱ्याचे नाव कोठेच राहत नाही. याविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. गाठ डोळ्यांना दिसली की गाठवणाराचा हात कच्चा, असा आमच्या घराण्यातला दंडक होता, आणि माझ्या आजोबांनी, त्यांच्यामागून वडिलांनी व नंतर मी सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपासच्या सराफी पेढ्यांच्या ओट्यांवर बसून जे काम केले, ते न दिसण्याच्या अटीवरच केले. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवावा, त्यावर मेणाचा हात फिरवावा, बारीक तारेच्या सुईने मणी उचलावे, आणि शेवटी कलाबतूचे वेढे देऊन गोंडा सोडावा, एवढेच या धंद्याचे बाह्य स्वरूप. पुढे नायलॉन आले, तयार साखळ्या आल्या, रेशीम मागणारी गिऱ्हाइके विरळ झाली; तथापि अंगठ्याला पडलेला दोऱ्याचा वळ अजून गेलेला नाही.

सोलापूर हे एका भाषेचे गाव नव्हे, आणि ते जितके कानांना कळते तितकेच गळ्यांवरूनही कळते. मराठी बाईचे डोरले आणि वाट्या. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांतील पुस्तेलु, त्यांच्या दोन चकत्या आणि मधली लाल पोवळी. मुसलमान वस्तीतला काळ्या पोतीचा अनेकपदरी लच्छा. लिंगायत घरांतील इष्टलिंगाची चांदीची पेटी आणि तिचा दोरा, म्हणजे शिवदार. तुळजापूरच्या आराधिणींची कवड्यांची माळ: हे सारे एकाच सतरंजीवर, एकाच दिवशी, निरनिराळ्या चिठ्ठ्यांखाली माझ्यासमोर पडलेले असे. माझ्या वडिलांची एक लांबट वही होती. तिच्यात गिऱ्हाइकाच्या नावापुढे मोडी अक्षरांत पोतीचे माप, पदर, मण्यांचा क्रम आणि जिन्नस रुजू करून घेतल्याची तारीख अशी तपशीलवार नोंद असे. वडील गेल्यावर मोडी वाचणारा घरात मीच उरलो, आणि वह्या मात्र एका फळीवर मावेनाशा झाल्या.

लग्नसराईतल्या गर्दीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाचे आहे ते वेगळ्या गिऱ्हाइकीविषयी, जी तेराव्यानंतर पंधरवडा-महिन्याने येते, गर्दीची वेळ टाळून येते, आणि बहुधा पदराच्या गाठीतून किंवा हातरुमालातून जिन्नस काढून निमूटपणे पुढे ठेवते. मृताच्या स्मरणार्थ घडविलेला खास दागिना आमच्या सराफांच्या काचपेटीत कोणी पाहिला नसेल. परंतु सोलापुरातल्या कित्येक दागिन्यांत मेलेल्या माणसाची खूण असते. कोठे एक मणी कमी झालेला असतो, कोठे एक पदक वाढलेले असते, आणि ही उणे-अधिकाची भाषा गाठवणाऱ्यालाच तेवढी कळते, कारण माळ उसवून मणी मोजण्याची पाळी त्याच्यावरच येते.

बोरमाळेचेच पाहा. बोरमाळेतील सोन्याचे मणी आतून पोकळ. त्यांत लाख भरलेली असते, आणि माळ जुनी झाली म्हणजे ती लाख सुटून मणी कानाशी धरून हलविला असता किंचित खुळखुळतो. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेल्या बाईने आपल्या आईची अशी माळ एकदा माझ्यापुढे ठेवली. दोरा घामाने आणि तेलाने काळा पडला होता, आणि एके ठिकाणी तो सुताच्या साध्या गाठीने जोडलेला होता. घरात, घाईने, न शिकलेल्या हाताने बांधलेली ती गाठ होती, आणि तिच्या दोहो बाजूंचे मणी एकमेकांत नीट बसत नव्हते, कारण बोरमाळ ओवताना मण्यांच्या आकाराची चढण मध्यापर्यंत नेऊन पुन्हा उतरवावी लागते व तिथे ती चढण तुटली होती. रिठ्याच्या पाण्यात माळ धुतली, मणी ताटलीत मांडले, आणि आमच्या वहिवाटीप्रमाणे मोजदाद करून चिठ्ठी लिहावयास घेतली, तेव्हा आकडा विषम निघावा तो सम निघाला. मी मान वर केली. बाई म्हणाली, "एक मणी आईसंगं गेला, काका. तोंडात ठेवला. तेवढं सोडून बाकी सगळं हाय बगा."

मरणाऱ्याच्या मुखात गंगोदक, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालावा ही आपल्याकडची जुनी रीत. आणि ऐनवेळी सुटे सोने कोठून आणावे, म्हणून गळ्यातल्या माळेचा मणी तोडून देणे हेही खेड्यापाड्यांत चालत आलेले. धर्मशास्त्र त्याची जी काही संगती लावीत असेल ती असो. कारागिराच्या दृष्टीने प्रश्न एवढाच उरतो, की त्या रिकाम्या जागेचे करावयाचे काय? नवा मणी घालून चढण पुरी करता येते, आणि सोनाराला त्यातच फायदा असल्यामुळे तो तेच सुचवितो. माझा रिवाज असा, की आधी विचारावे. बहुतेक बायका नवा मणी नको म्हणतात. मग उरलेले मणी असे लावावे लागतात, की उणीव मध्यावर न पडता मागे, मानेपाशी, गोंड्याजवळ जाईल; तेथे रेशमाचे दोन वेढे अधिक दिले की माळ गळ्यात सरळ बसते. ते अधिक वेढे कोणी पाहत नाही. घालणारीला ते आंबाड्याखाली बोटांना लागतात, एवढेच.

पुढे कितीएक वर्षांनी, हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात मला मेक्सिकोतल्या जुन्या लोकांची हकीकत वाचावयास मिळाली. सोळाव्या शतकात त्या देशात गेलेला बेर्नार्दिनो दे साआगुन हा स्पॅनिश पाद्री आझ्टेक लोकांच्या रूढींची फार बारकाईने नोंद करून गेला आहे, आणि त्याने लिहिले आहे, की सरदार मेला म्हणजे त्याच्या ओठांत हिरवा मौल्यवान खडा ठेवीत व तो त्याचे हृदय होय असे मानीत. सामान्य माणूस मेला तर त्यालाही खडा मिळे, पण हलक्या जातीचा. हे शेवटचे वाक्य वाचून मला आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडेही ज्याच्या घरी बोरमाळ नाही त्याच्या तोंडात सोन्याचा निव्वळ वरख लावलेला मणी गेल्याचे मी जाणतो.

उण्या मण्याची हकीकत ही झाली. अधिक पदकाची याहून गुंतागुंतीची आहे. देव्हाऱ्यातले टाक सर्वांना ठाऊक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने प्रतिमा उठवावी, पाठीस तांब्याचा पत्रा लावावा, मधली पोकळी लाखेने भरावी, की टाक झाला. त्यांत खंडोबा असतो, भवानी असते, आणि घोड्यावर बसलेला वीरही असतो, जो पुष्कळदा त्या घराण्यात अकाली गेलेला कोणी पूर्वज असतो. नाशकाकडे धुळवडीस असे वीर मिरवणुकीने नाचवितात. परंतु हे सारे टाक देव्हाऱ्यात राहतात. गळ्यात राहणारा टाक एकच, आणि तो सवतीचा. पहिली बायको वारून घरात दुसरी आली, म्हणजे पहिलीचा जीव तिच्यात किंवा तिच्या पोराबाळांत अडकू नये, तिने घरास उपद्रव देऊ नये, म्हणून पहिलीची प्रतिमा उठविलेला लहानसा टाक दुसरीच्या पोतीत ओवीत. नवे लुगडे आधी त्याला दाखवावयाचे, सणाचा नैवेद्य आधी त्याला, आणि मग स्वतः. ही वहिवाट आपल्या मुलखापुरती नव्हे. गुजरातेत व पंजाबातही तिचे निरनिराळे प्रकार आढळतात, आणि इंग्रज अमदानीत गोळा केलेल्या लोकसमजुतींच्या संग्रहांतून तिचा उल्लेख भुताखेतांच्या प्रकरणात केलेला असतो.

भुताखेतांचे प्रकरण म्हणून मीही तिच्याकडे तरुणपणी पाहत असे. सुधारकी वाचन थोडेफार झालेले, गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे गाव, युनियनच्या सभा, आणि अशा काळात चांदीच्या चकतीला भिणाऱ्या बायका पाहिल्या, की हसू येई. पुढे एका म्हाताऱ्या बाईची पोत माझ्याकडे आली. ती बार्शीकडची होती. नऊवारी लुगडे, कपाळावर आडवे मोठे कुंकू, आणि तुटलेली पोत तिने मुठीत अशी धरली होती, की मला ती बोटे उलगडवून घ्यावी लागली. डोरल्याच्या डाव्या अंगाला तो टाक होता, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. आणि इतक्या वर्षांच्या घासण्याने त्यावरचे नाक, डोळे, ओठ सारे जाऊन केवळ डोक्यावरच्या पदराची कड आणि जोडलेल्या हातांचा उंचवटा एवढेच उरले होते. मी रीतीप्रमाणे म्हणालो, की जिन्नस ठेवून जा, उद्या दुपारी या, तोवर पॉलिशही करून ठेवतो.

"ठेवत न्हाई," ती म्हणाली. "थोरलीला रातच्याला भायेर ठेवायची न्हाई. मी बसते हितंच. आन् पालीस करू नगा, हाय तेवढं तोंड बी जाईल."

ती ओट्याच्या कडेला बसून राहिली आणि मी सारी कामे बाजूला सारून पोत ओवावयास घेतली. पहिले डोरले उचलताच तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आदी थोरली. मग माजं." तेव्हा आधी थोरली ओवली. ओवता ओवता तिच्याकडून कळले ते असे, की थोरली बाळंतपणात गेली होती, तिला तिने डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते, तिचा फोटो नव्हता, तिच्या माहेरचे कोणी येत-जात नव्हते, आणि नवऱ्याने तिचे नाव घरात पुन्हा घेतले नव्हते. तिचे नाव त्या घरात ठाऊक असलेली, तिला काय आवडत होते ते सासूकडून विचारून घेऊन तिच्यापुढे ते ठेवणारी, आणि तिच्याशी चुलीपुढे एकटीच बोलणारी, ही एकच बाई होती. आणि तिला तसे करावयास भीतीने लावले होते.

भीतीने का होईना, मेलेल्या बाईला तिच्याच घरात जागा देणारी दुसरी कोणती सोय आपल्या समाजाने केली होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भाद्रपदातील अविधवा नवमी आहे, मान्य. पण तो वर्षाचा एक दिवस, आणि त्याही दिवशी मान सवाष्ण मेल्याचा. पुरुषाने आपल्या मृत पत्नीचे काही अंगावर वागविल्याचे उदाहरण आपल्या परंपरेत मला एकच सापडते, आणि तेही देवाचे आहे: शंकराच्या गळ्यातील रुंडमाळ ही सतीच्या पूर्वजन्मींच्या मस्तकांची, असे पुराणिक सांगतात. मनुष्यांमध्ये ते काम नवऱ्याने केले नाही. त्याने ते दुसऱ्या बायकोच्या गळ्यात टाकले. या वहिवाटीचे मी समर्थन करीत नाही. एका अजाण मुलीच्या गळ्यात परक्या मरणाची जबाबदारी अडकविण्यात क्रौर्य होते यात शंकाच नाही. परंतु या वहिवाटीला केवळ वेडगळ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्या थोरलीची दाद कोणाकडे लागावयाची होती, तेही सांगावे.

सोलापूरकरांना तर मेलेल्या मुलीला मंगळसूत्र घालण्याचा प्रकार दरवर्षी उघड्या मैदानावर पाहावयास मिळतो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यातले नवल कोणाला वाटत नाही. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट कुंभाराच्या मुलीने धरला. विरक्ताशी विवाह अशक्य, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह लागला. आणि पुढे तिने अग्निप्रवेश केला, अशी कथा. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांच्या खांद्यांवरून चालतात, आणि संक्रांतीच्या रात्री होम मैदानावर बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करून तिला साडी, बांगड्या, जोडवी, मणी-मंगळसूत्र असा सौभाग्यालंकार चढवून अग्नी देतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून तो जाळ पाहत असे, आणि मला एकच चिंता पडे, की मण्यांचे काय होत असेल. काचमणी वितळतात, असे वडिलांनी सांगितले. धंद्यातला माणूस म्हणून त्यांना दुसरे काही सांगण्यासारखे सुचले नसावे.

लिंगायतांचे थोडे निराळे. त्यांच्यात मृतास बसवून पुरतात आणि इष्टलिंग त्याच्या तळहातावर राहते. तेव्हा तो शिवदार दुरुस्तीस पुन्हा कधी येत नाही, आणि त्या कामात मन अधिक लागते हे मी कबूल करतो.

विधवांच्या पोतीची गोष्ट मात्र झटपट आटोपण्यासारखी नाही, जरी ती लिहिताना हात जड होतो. नवरा गेला म्हणजे पोत तोडावयाची. सोन्याच्या वाट्या, डोरले, मणी सराफाकडे येतात, वजनावर जातात किंवा लेकीच्या दागिन्यात मिसळतात. काळे मणी कोणी आणीत नाही, कारण त्यांना किंमत नाही. पूर्वी ते काचमणी बोहेमियातून, याब्लोनेत्स नावाच्या गावाकडून जहाजाने येत. पुढे बनारसचे व उत्तर प्रदेशातील पुरदिलनगरचे येऊ लागले. एवढा प्रवास करून आलेला मणी घाटावरच्या चिखलात पडून राहतो, हे मी पाहिले आहे. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागची चळवळ आमच्याच जिल्ह्यातील, करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाची. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. परिपत्रकाने रूढी मोडतात असा माझा समज नाही. परंतु त्यानंतर माझ्याकडे काही बायका अशा आल्या, ज्यांनी तुटलेल्या पोतीचे काळे मणी डब्यात जपून ठेवले होते आणि आता ते पुन्हा ओवून हवे होते. एकीने वाट्या नको म्हटले, नुसती काळी पोत. दुसरीने मधोमध नवऱ्याच्या हातातल्या अंगठीचा खडा बसवून घेतला. याला नाव काय द्यावे हे मी ठरविले नाही. वहीत मात्र 'पोत, काळी' अशीच नोंद केली, कारण त्यात खोटे काही नव्हते.

अशा सर्व अनुभवानंतर, अलीकडे एका दिवाळीच्या सुटीत माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची नात मजकडे आली. पुण्यास कलाशिक्षण घेणारी, बोलण्यात धीट. तिने एका पुठ्ठ्यावर टोचलेली कर्णभूषणे पुढे केली. मोहरीएवढे मणी सुईदोऱ्याने एकमेकांत अडकवून विणलेली, दोन बोटे लांब, खाली झालर. आणि पांढऱ्या मण्यांच्या मधोमध, डोळ्यांच्या खाचांत निळी फुले आणि डोक्यावर शेंदरी फुलांचा मुकुट घातलेली, हसरी कवटी. दोरा कडीपाशी कापला जातो, तेवढे आजोबा तुम्ही पक्के करून द्या, असे तिचे म्हणणे. आमच्या मंडळींनी चहा ठेवता ठेवता ते पाहिले आणि विचारले, "हे कानात घालायचं? नरक चतुर्दशीला?"

मग त्या मुलीने मेक्सिकोची हकीकत सांगितली, आणि त्यातली बरीचशी मला नवी होती. तेथे 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरात वेदी मांडून तीवर मेलेल्याच्या आवडीचे खाणेपिणे, फोटो, दिवे ठेवतात, साखरेच्या कवट्यांवर जिवंत-मेलेल्यांची नावे घालतात, आणि परत येणाऱ्यास वाट सापडावी म्हणून शेंदरी फुलांच्या पाकळ्यांचा पट्टा दारापासून वेदीपर्यंत पसरतात. ती फुले म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांच्या अमदानीत इकडे आलेला. तेथील होसे ग्वादालूपे पोसादा नावाच्या खोदचित्रकाराने, जो 1913 साली वारला, मोठी पिसांची टोपी घातलेली एक कवटी काढून बडेजाव मिरविणाऱ्यांची थट्टा केली. आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने 1947 च्या आपल्या भित्तिचित्रात तिला पायघोळ पोशाख देऊन थेट पोसादाच्या हातात तिचा हात दिला. त्याच रिव्हेराने त्याआधी मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीत रंगविलेल्या एका चित्रात पंगतीच्या मध्यभागी भाकरी मोडणारा जो पुरुष आहे, तो म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, असे सांगितले जाते. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक मेक्सिकोत जाऊन मक्यावर आणि गव्हावर संशोधन करणारे प्राध्यापक झाले. त्या देशाशी आपली इतकी तरी ओळख आहे हे ऐकून आमच्या मंडळींचा कवटीवरचा राग किंचित निवळला.

मला त्या वस्तूत कुतूहल वाटले ते हाताचे. मुलीने सांगितले, की मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील हुइचोल लोक लाकडावर किंवा भोपळ्याच्या कवचावर मेण आणि राळ यांचा थर देऊन त्यात एकेक मणी नखाने दाबून बसवितात. दोराच नाही. मेणाचा उपयोग मलाही ठाऊक. पण तो दोऱ्याला बळ यावे म्हणून, दोऱ्याऐवजी नव्हे. मण्यामागे दोरा नसेल तर ते काम मला अपुरे वाटते, हा कदाचित आयुष्यभराच्या सवयीचा हट्ट असेल. तिचे काम पाहताना मात्र मला मानावे लागले, की तिने विणलेल्या कवटीच्या पाठीमागे एकही गाठ दिसत नव्हती. मी कड्यांपाशी रेशमाचा दुहेरी फासा देऊन, वर कलाबतूचे तीन वेढे घातले.

पाठ फिरविण्यापूर्वी ती थबकली आणि म्हणाली, की तिच्या आजीसाठी असे काही करता येईल का. कवटी नको, आजीला आवडली नसती. पण आपल्याकडचे काही. तेव्हा मी तिला टाकांची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ठसे असलेल्या कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने लाकडी पेटी उघडून पितळी ठसे मांडले: खंडोबा घोड्यावर, भवानी, म्हसोबा, वीर, आणि शेवटी एक बाई, डोक्यावर पदर, हात जोडलेले, बदामी डोळे. मुलगी पेटीत आणखी शोधू लागली.

"बाईचा ठसा येवढाच," कारागीर म्हणाला. "कुणाची बी बाई गेली तरी हाच."

ती हिरमुसली. आजी चष्मा लावीत असे, तिच्या डाव्या गालावर तीळ होता, हात जोडून तर ती कधीच बसली नाही, असे ती सांगू लागली. आणि मग तिचे तिलाच काही सुचले असावे, कारण ती म्हणाली, की पोसादाच्या कवटीचाही चेहरा सगळ्यांचा एकच असतो. मी म्हणालो, "चेहरा ठशाचा राहील; माप आजीचं घेऊ." तिला ते कळले नाही. घरी येऊन वडिलांच्या वह्या काढल्या, आणि तासाभराने तिच्या आजीच्या लग्नातल्या पोतीची नोंद सापडली: दोन पदरी, मोडीत लिहिलेली लांबी, चार काळ्या मण्यांमागे एक सोन्याचा, आणि पुढे वडिलांचा शेरा, की गिऱ्हाइकास पोत आखूड हवी, कामात आड येते. आजी शाळेत जाण्यापूर्वी पहाटे दळण दळीत असे, ते मला वडिलांकडून ठाऊक होते. मुलीला ठाऊक नव्हते.

त्यानंतर व्यवहार सुरू झाला. चांदीचा भाव ऐकून तिने टाक लहान करता येईल का असे विचारले, आणि कारागिराने निरोप पाठविला, की पत्रा हलका घेईन पण ठसा लहान होणार नाही. लाखेचे वजन चांदीच्या भावाने लावू नये यावरून माझा आणि त्याचा थोडा कज्जा झाला. मुलीला पाठीशी दाबाची कडी हवी होती. मी म्हटले, रेशमाचा फासा राहील, आणि तो घामाने दोन-तीन वर्षांत झिजला की पुन्हा ओवून घ्यावा लागेल, हे आताच मान्य असेल तर काम घेतो. तिने मान्य केले. विसार घेऊन मी तिला सिद्धरामेश्वरांची यात्रा आटोपल्यावर यावयास सांगितले, कारण संक्रांतीपर्यंत सोलापुरात कोणाही पटवेकऱ्याचा हात रिकामा नसतो.